पेशीबाह्य मॅट्रिक्सवर संशोधन करायचे असेल तर

पेशीजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पेशीचे अंतरंग तपशीलवार रंगवलेले असते आणि पेशीबाहेरचा भाग मात्र दोन-चार करड्या रेघांत उरकलेला असतो. त्या रेघांमध्ये, म्हणजेच पेशींभोवतीच्या पेशीबाह्य मॅट्रिक्समध्ये, कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन, इलॅस्टिन, हायल्युरोनन आणि अनेक प्रोटिओग्लायकॅन असतात, आणि कूर्चा, कंडरा किंवा हाड यांसारख्या ऊतींमध्ये वस्तुमानाचा बहुतांश भाग पेशींचा नसून या पदार्थांचाच असतो. सस्तन प्राण्यांच्या जीनोममध्ये मॅट्रिक्सच्या मूळ घटकांची सुमारे 300 जनुके आहेत. त्या घटकांना कापणारी, एकमेकांना सांधणारी किंवा त्यांना चिकटून राहणारी प्रथिने जमेस धरली, तर ही संख्या 1,000 च्या आसपास जाते. एवढा मोठा विषय असूनही आपल्याकडील एमएस्सीच्या अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला बहुधा एखादे प्रकरण येते. म्हणूनच या क्षेत्रात पीएचडी आणि पुढे संशोधक म्हणून काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. ज्या प्रश्नात तुम्ही मॅट्रिक्स स्वतःच्या हाताने बदलू शकता आणि त्या बदलाचा पेशीवर झालेला परिणाम मोजू शकता, असाच प्रश्न निवडावा. मार्गदर्शक कोण, संस्था कोणती, कोणते सूक्ष्मदर्शक शिकायचे, पोस्टडॉकसाठी कुठे जायचे, हे सारे निर्णय त्यानंतरचे आहेत. मॅट्रिक्सवर काम केल्याचे सांगणारे कितीतरी प्रबंध प्रत्यक्षात प्लॅस्टिकवर वाढवलेल्या पेशींमधील जनुकांचे मोजमाप असतात, आणि मॅट्रिक्स त्यांच्या केवळ शीर्षकात असते.

प्रश्न कसा घडवावा

या बाबतीत मिना बिसेल यांच्या कामाइतके शिकवणारे उदाहरण दुसरे नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने पाहू. 1940 मध्ये तेहरानमध्ये जन्मलेल्या बिसेल यांनी अमेरिकेत हार्वर्डमधून पीएचडी केली आणि 1972 पासून त्या कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करू लागल्या. 1982 मध्ये ग्लेन हॉल आणि गॉर्डन पॅरी यांच्यासह त्यांनी एक सैद्धांतिक शोधनिबंध लिहिला. मॅट्रिक्सकडून आलेला संदेश पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींमार्फत पेशीच्या सांगाड्यापर्यंत आणि तिथून केंद्रकापर्यंत पोचतो, कोणती जनुके चालू राहतील हे त्यावर ठरते, आणि त्या जनुकांच्या उत्पादनांमुळे मॅट्रिक्स पुन्हा बदलते, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्यांना आज आपण इंटेग्रिन म्हणतो त्या ग्राहींना तोवर हे नावही मिळालेले नव्हते. ते 1986 मध्ये मिळाले. म्हणजे यंत्रणेचा मधला दुवा हाती नसताना हे गृहीतक मांडले गेले होते, आणि त्यावर शंका घेतली जाणे स्वाभाविक होते.

त्यापुढचा क्रम विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावा. स्तनग्रंथीच्या पेशी प्लॅस्टिकवर वाढवल्या की त्या चपट्या होतात आणि दुधातील प्रथिने तयार करणे थांबवतात. त्याच पेशी बेसमेंट मेम्ब्रेनच्या (पेशींच्या थराखालील मॅट्रिक्सच्या पातळ अस्तराच्या) घटकांनी समृद्ध अशा जेलवर ठेवल्या, तर त्या एकत्र येऊन पोकळ गोल रचना करतात आणि केसीनसारखी दुधाची प्रथिने आतल्या पोकळीत सोडतात; हे 1989 पर्यंत स्पष्ट झाले होते. मात्र इथे एक रास्त आक्षेप उभा राहतो: हा परिणाम मॅट्रिक्सचा, की पेशी एकमेकींना बिलगल्याचा आणि त्यांचा आकार बदलल्याचा? 1991 मधील प्रयोगांत एकेकट्या पेशी जेलमध्ये ठेवून, शेजारी दुसरी पेशी नसतानाही बेसमेंट मेम्ब्रेनमुळे दुधाच्या प्रथिनाचे जनुक चालू होते, हे दाखवले गेले. पाठोपाठ 1992 मध्ये बीटा-केसीन जनुकाच्या नियंत्रक भागातील असा एक छोटा डीएनए-तुकडा सापडला, ज्याला चालना मिळण्यासाठी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आणि मॅट्रिक्स या दोहोंची गरज लागते. गृहीतकापासून डीएनएच्या तुकड्यापर्यंत यायला दहा वर्षे लागली आणि प्रत्येक टप्प्यावर एकेक पर्यायी स्पष्टीकरण बाद होत गेले. पीएचडीचा विद्यार्थी दहा वर्षांचा प्रश्न सोडवू शकत नाही, परंतु अशा मोठ्या प्रश्नातील एक आक्षेप निवडून तो चार-पाच वर्षांत निर्णायकपणे निकालात काढू शकतो. माझ्या मते प्रबंधाचे योग्य माप हेच आहे.

कर्करोगाबाबतही बिसेल यांच्या प्रयोगशाळेची पद्धत तीच होती. राउस सार्कोमा विषाणू कोंबडीच्या पिलांमध्ये गाठी निर्माण करतो, पण भ्रूणाच्या पंखात टोचल्यावर तिथे गाठ होत नाही, आणि त्याच भ्रूणाच्या पेशी सुट्या करून डिशमध्ये वाढवल्या की त्या कर्कपेशींसारख्या वागू लागतात, हे 1984 मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूने आणलेले कर्कजनुक तेच होते. फरक होता तो ऊतीची रचना शाबूत असण्या-नसण्याचा. 1997 मध्ये मानवी स्तनाच्या कर्कपेशी त्रिमितीय जेलमध्ये वाढवून त्यांच्यातील बीटा-1 इंटेग्रिन प्रतिपिंडाने अडवले असता त्या पेशींनी पुन्हा सुव्यवस्थित गोल रचना केल्या, आणि त्यांच्या जनुकीय दोषांना तर कोणी हातही लावलेला नव्हता. या दोन्ही प्रयोगांत पेशी तीच ठेवून परिसर किंवा परिसराशी असलेला दुवा बदललेला आहे. स्वतःचा प्रयोग आखताना मी काय स्थिर ठेवले आहे आणि काय बदलले आहे, हे एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य जमत नसेल, तर प्रयोग करण्याची वेळ अजून आलेली नाही.

‘कर्करोगात मॅट्रिक्सची भूमिका’ हा प्रश्न होऊ शकत नाही. तो विषय आहे. ‘यकृतातील तारकापेशी ताठर आधारावर येताच कोलॅजेन-1 साठवू लागतात, ते थांबवण्यासाठी कोणते इंटेग्रिन अडवावे लागते?’ हा प्रश्न आहे, कारण त्यात पेशी, घटक, बदलायची गोष्ट आणि मोजायची गोष्ट अशा चारही बाबी आल्या आहेत. एवढ्यावर थांबू नये, कारण मॅट्रिक्समधील अनेक गुणधर्म एकदम बदलतात. कोलॅजेन जेलची तीव्रता वाढवली की जेल ताठर होते, पेशीला चिकटण्यासाठी मिळणाऱ्या जागा वाढतात आणि तंतूंमधील छिद्रेही लहान होतात; मग परिणाम नेमका कशाचा, हे सांगता येत नाही. या अडचणीवर 1997 मध्ये पेलहॅम आणि वँग यांनी पॉलीअॅक्रिलामाइड जेलचा उपाय वापरला. त्यात जेलचा ताठरपणा आणि वर लावलेल्या प्रथिनाचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवता येते. 2006 मध्ये एंगलर, सेन, स्वीनी आणि डिशर यांनी अशाच जेलवर मानवी मूलपेशी वाढवल्या. 0.1 ते 1 किलोपास्कल इतक्या मऊ, म्हणजे मेंदूसारख्या, आधारावर त्या चेतापेशींकडे झुकल्या; 8 ते 17 किलोपास्कलवर स्नायूकडे, तर 25 ते 40 किलोपास्कलवर हाडाकडे. त्या शोधनिबंधाचे दुसरे लेखक शमिक सेन आज पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक आहेत. या विषयासाठी परदेशीच जावे लागते असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हात बसवण्याचा काळ

पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महागड्या उपकरणांमागे न लागता मॅट्रिक्स तयार करणे, पाहणे आणि मोजणे या तीन कामांवर हात बसवावा. याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हे तपशील शोधनिबंधांच्या पद्धती-विभागात अर्ध्या ओळीत आटोपलेले असतात आणि नव्या विद्यार्थ्याचे महिनेच्या महिने त्यापायी वाया जातात.

उंदराच्या जातीतील रॅट या प्राण्याच्या शेपटीच्या कंडरेपासून काढलेले कोलॅजेन सौम्य अॅसिटिक आम्लात विरघळलेले असते. ते बर्फावर ठेवून, बफर आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून उदासीन करावे आणि मगच 37 अंशांवर न्यावे. साधारण अर्ध्या तासात जेल बनते. बर्फाबाहेर घालवलेला प्रत्येक मिनिट इथे महत्त्वाचा ठरतो, कारण कमी तापमानावर बनलेल्या जेलमधील तंतू जाड आणि जास्त तापमानावर बनलेल्यातील बारीक असतात, म्हणजे खोलीतील हवामानानुसार तुमचे मॅट्रिक्स बदलते. पेप्सिन वापरून काढलेल्या कोलॅजेनच्या रेणूंची टोके कापलेली असतात आणि त्याचे जेल वेगळ्या स्वभावाचे होते; त्यामुळे बाटलीवर कोलॅजेन-1 एवढेच वाचून एका प्रकाराच्या जागी दुसरा वापरू नये. मॅट्रिजेल हे उंदराच्या एका विशिष्ट गाठीपासून काढलेले मिश्रण आहे. ते रात्रभर 4 अंशांवर हळूहळू वितळवावे, पिपेटची टोकेही थंड करून घ्यावीत आणि प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक लिहावा. त्यातील प्रथिनांचे प्रमाण लॉटनुसार बदलते आणि त्यात वृद्धिघटकही असतात, म्हणून एका मालिकेतील सर्व प्रयोग एकाच लॉटवर करावेत.

नियंत्रण-प्रयोगाबाबत एक सापळा आहे. पेशींच्या माध्यमात घातल्या जाणाऱ्या सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन भरपूर असते, आणि ते काही वेळातच प्लॅस्टिकवर चढते. म्हणजे ‘काहीही न लावलेली’ डिश प्रत्यक्षात तशी राहतच नाही. पेशी चिकटण्याचा प्रयोग सीरमविरहित माध्यमात करावा, निदान पहिले काही तास. ट्रिप्सिनने पेशी सोडवताना तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनेही कापली जातात, म्हणून ग्राहींचा अभ्यास असेल तर ईडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारे रसायन) वापरून पाहावे, किंवा पेशींना सावरायला वेळ द्यावा.

दुसरा सापळा समजण्यासाठी थोडा इतिहास हवा. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये कोलॅजेनची तीन धाग्यांची पिळदार रचना मांडली. तीन धागे इतके जवळ बसण्यासाठी प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्लच लागते. हा पीळ शरीराच्या तापमानाला टिकण्यासाठी प्रोलीनचे हायड्रॉक्सिप्रोलीनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि ते करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागते. स्कर्व्हीमध्ये हिरड्या आणि जखमा का बिघडतात, याचे कारण हेच. अनेक नेहमीच्या माध्यमांत क जीवनसत्त्व नसते, किंवा घातले तरी ते लवकर नष्ट होते. फायब्रोब्लास्ट (मॅट्रिक्स तयार करणाऱ्या संयोजी ऊतीच्या पेशी) कोलॅजेन साठवत नाहीत असा निष्कर्ष काढण्यापूर्वी माध्यमात अॅस्कॉर्बिक आम्लाचे टिकाऊ फॉस्फेट रूप होते का, हे तपासावे.

तिसरी गोष्ट मोजमापाची. नेहमीच्या लायसिस बफरने पेशी फोडून नमुना सेंट्रिफ्यूज केला की परस्परांशी सांधलेले मॅट्रिक्स तळाशी गोळा होते, आणि सवयीने विद्यार्थी वरचा द्रव घेऊन तळाचा गाळ टाकून देतात. ज्याचा अभ्यास करायचा तेच अशा रीतीने कचऱ्यात जाते. तो गाळ युरिया किंवा ग्वानिडीनमध्ये वेगळा विरघळवावा. एकूण कोलॅजेनसाठी हायड्रॉक्सिप्रोलीनचे जुने रासायनिक मोजमाप आजही विश्वासार्ह आहे: नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर रात्रभर ठेवायचा, क्लोरामाइन-टी आणि एर्लिक अभिकर्मकाने रंग आणायचा आणि शोषण मोजायचे. केवळ आरएनए मोजून मॅट्रिक्स वाढले असे म्हणू नये. मानवी त्वचेतील कोलॅजेनचे अर्धायुष्य सुमारे 15 वर्षे, तर सांध्याच्या कूर्चेतील कोलॅजेनचे शंभर वर्षांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. जिथे साठा इतका दीर्घायुषी आहे तिथे आजच्या आरएनएवरून त्या साठ्याबद्दल फारच थोडे कळते.

पाहण्यासाठी पिक्रोसिरियस रेडने रंगवलेला छेद ध्रुवित प्रकाशात बघायला आधी शिकावे. स्वस्त आहे, आणि तंतूंची दिशा व जाडी यांची नजर त्याने तयार होते. त्यानंतर सेकंड हार्मोनिक सूक्ष्मदर्शकाकडे वळावे, ज्यात तंतुमय कोलॅजेन रंगाशिवायच दिसते. प्रतिपिंडांबाबत मात्र कठोर राहावे: कोलॅजेनविरुद्धची काही प्रतिपिंडे केवळ मूळ पीळ असलेला रेणू ओळखतात आणि काही केवळ पीळ सुटलेला, त्यामुळे छेदावर चालणारे प्रतिपिंड वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलवर विलग करून ओळखण्याच्या पद्धतीत) चालेलच असे नाही. शक्य असेल तर ते जनुक काढून टाकलेल्या पेशींवर प्रत्येक प्रतिपिंड एकदा तपासावे.

कुठे आणि कोणाकडे

प्रवेशाचे मार्ग इतर जीवशास्त्रांसारखेच आहेत: सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट किंवा संस्थांच्या सामाईक परीक्षा आणि नंतर मुलाखत. 2023 पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि नंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलो) म्हणून 42,000 रुपये मिळतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि मुंबई, पुणे व बंगळूर येथील संस्थांमध्ये पेशी आणि तिच्या परिसरातील बलांवर काम करणारे गट आहेत. भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधरांनीही इथे संकोच करू नये. ताठरपणा, ताण आणि श्यानता यांची भाषा त्यांना आधीच येत असते आणि या क्षेत्राला त्या भाषेची गरज आहे.

मार्गदर्शक निवडताना शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांतील पद्धती वाचाव्यात. मॅट्रिक्स खरोखर बदलले आहे का, की पेशींतील एक जनुक बंद करून चर्चेत मॅट्रिक्सचे नाव घेतले आहे? प्रयोगशाळेला भेट द्यावी आणि तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावे: जेलचा ताठरपणा कोण आणि कशावर मोजते, लॉटची नोंद कुठे असते, रुग्णालयातून ऊती मिळतात का, आणि मिळत असतील तर विकृतिशास्त्रज्ञाशी प्रत्यक्ष बोलणे होते का. रुग्णांच्या ऊतींवर काम करायचे तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती अपरिहार्य आहे, आणि तिला वेळ लागतो. रुग्णालयाशी हे नाते मार्गदर्शकाने आधीच जोडलेले असेल, तर विद्यार्थ्याचे जवळजवळ एक वर्ष वाचते.

पीएचडीनंतर

पोस्टडॉकसाठी जाताना ऊती तीच ठेवून तंत्र बदलावे, किंवा तंत्र तेच ठेवून ऊती बदलावी. दोन्ही एकदम बदलणाऱ्याला पुढे स्वतःची ओळख सांगणे कठीण जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. रिचर्ड हाइन्स यांचा मार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नैरोबीत जन्मलेल्या, ब्रिटनमध्ये वाढलेल्या आणि एमआयटीतून पीएचडी केलेल्या हाइन्स यांनी 1973 मध्ये लंडनमध्ये असताना पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना किरणोत्सारी आयोडीन जोडून पाहिले. सामान्य पेशींवर असणारे एक मोठे प्रथिन कर्कपेशींवरून नाहीसे होते, असे त्यांना आढळले; तेच पुढे फायब्रोनेक्टिन ठरले. मग प्रश्न आला की पेशी त्याला धरते कशाने. त्यातून 1986 मध्ये इंटेग्रिन हे नाव आले. नंतर ही जनुके काढून टाकलेल्या उंदरांचे प्रयोग झाले, आणि 2012 मध्ये अलेक्झांड्रा नाबा यांच्यासह त्यांनी ऊतींमधील संपूर्ण मॅट्रिक्सची प्रथिनसूची करण्याची पद्धत मांडली. तंत्रे बदलत गेली, पेशी आणि मॅट्रिक्स यांच्या नात्याचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही.

वैद्यकीय संशोधनासाठीचा 2022 चा लास्कर पुरस्कार हाइन्स यांना एर्की रुओस्लाटी आणि टिमोथी स्प्रिंगर यांच्यासमवेत मिळाला, आणि या तिघांच्या वाटा भिन्न होत्या. रुओस्लाटी यांनी मायकेल पियर्शबाकर यांच्यासह 1984 मध्ये दाखवले की फायब्रोनेक्टिनला पेशी चिकटण्यासाठी आर्जिनीन, ग्लायसीन आणि अॅस्पार्टिक आम्ल या तिघांचा क्रम निर्णायक आहे, तर स्प्रिंगर पांढऱ्या रक्तपेशींच्या अभ्यासातून त्याच ग्राहींच्या कुटुंबापाशी आले. त्यामुळे वर्षातून एका परिषदेला जाणे शक्य असेल, तर दर दुसऱ्या वेळी आपल्या विषयाबाहेरची निवडावी: रोगप्रतिकारशास्त्राची, अस्थिशास्त्राची किंवा बहुवारिकांवर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांची.

स्वतःची प्रयोगशाळा सुरू करताना जुन्या मार्गदर्शकाशी कोणता प्रश्न कोणाचा, कोणत्या पेशी, प्लाझ्मिड आणि प्रतिपिंडे सोबत न्यायची, हे लेखी ठरवून घ्यावे. पहिल्या अनुदान-अर्जात स्वतःच्या हाती असलेल्या एका ऊतीवरचा, एका घटकाचा प्रश्न मांडावा, आणि ताठरपणा मोजण्याचे यंत्र संस्थेत नसेल तर ते असलेल्या शेजारच्या संस्थेतील सहकाऱ्याचे संमतिपत्र अर्जासोबत जोडावे. नैतिकता समितीकडचा अर्ज पहिला विद्यार्थी रुजू होण्याच्या किमान सहा महिने आधी पाठवावा, आणि मधल्या काळात एकाच लॉटचे कोलॅजेन व मॅट्रिजेल त्याच्या पहिल्या वर्षाला पुरेल इतके मागवून, लहान भागांत विभागून, प्रत्येकाला त्याच्या योग्य तापमानाला ठेवून द्यावे.